दुर्मिळ लावणीचा भाव

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत एखाद्या दिवशी टोमॅटोची आवक निम्म्यावर आली, की लिलावात क्रेटचा भाव दुपारच्या आतच चढू लागतो. वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत वाढते, हा सिद्धांत तेथील हमालालाही पुस्तकावाचून ठाऊक असतो. परंतु याच महाराष्ट्रात एक वस्तू अशी आहे, की जिची आवक गेली पन्नास वर्षे सातत्याने घटत आहे आणि तरीही जिचा भाव चढण्याचे नाव घेत नाही. ही वस्तू म्हणजे संगीत बारीतील जुनी, बैठकीची लावणी.

लावणी मरत चालली आहे, असे विधान केले तर कोणीही हसेल. गणेशोत्सवात, निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत, वाढदिवसाच्या मंडपात आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवरही लावणी या नावाने काही ना काही चालूच असते. पण नाव एक असले तरी माल एक नाही. बैठकीची लावणी गाणारी कलावंतीण श्रोत्यांसमोर बसून गाते. एकच ओळ ती दहा वेळा घेते आणि दहाही वेळा तिचा अर्थ बदलते. कधी डोळ्यांनी, कधी मनगटाच्या एका वळणाने, कधी पदराच्या टोकाने. यालाच अदा म्हणतात. बालेघाटीतील विरहाची आर्तता निराळी, छक्कडीतील चटपटीतपणा निराळा आणि अनेक चौकांची लांबलचक लावणी पेलण्याचा दमसास आणखी निराळा. ही विद्या कोठे लिहून ठेवलेली नाही. शब्द वहीत सापडतील, चालही एखाद्या पेटीवाल्याच्या बोटांत सापडेल. परंतु कोणत्या शब्दावर नजर खाली जावी आणि कोणत्या शब्दावर ती श्रोत्याला भिडावी, हे फक्त गाणारीलाच ठाऊक असते.

यमुनाबाई वाईकर १५ मे २०१८ रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तल्या. संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना १९७७ मध्ये मिळाला होता, पद्मश्री २०१२ मध्ये. म्हणजे गुण ओळखले गेले नाहीत, अशी तक्रार करण्यास फारशी जागा नाही. प्रश्न वेगळाच आहे. त्यांच्या कंठात असलेल्या लावण्यांपैकी अदेसह किती लावण्या दुसऱ्या कोणाच्या अंगात उतरल्या, हा तो प्रश्न. ग्रंथालय जळाले तर निदान पंचनामा होतो. येथे तोही झाला नाही.

संगीत बारीचा व्यवहार समजून घेतल्यावाचून या दुर्मिळतेचे कारण कळणार नाही. पुण्याचे आर्यभूषण, केडगाव-चौफुला, मोडनिंब, जामखेड ही नावे या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टीची एक मालकीण, तिच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. तिकिटाच्या खेळात प्रत्येक पार्टीला ठरावीक वेळ मिळतो. हा पाळीचा वेळ म्हणजेच बारी. त्यानंतर रसिकांच्या खासगी बैठका. थिएटरमालकाचा हिस्सा ठरलेला असतो आणि पार्टीची खरी भिस्त असते ती श्रोत्याच्या फर्माईशीवर आणि दौलतजाद्यावर.

आता हिशेब पाहावा. जुनी चौकाची लावणी रंगवावयाची तर पाऊण तास सहज जातो. तेवढ्या वेळात चित्रपटातील आठ-दहा गाणी होतात आणि प्रत्येक गाण्यामागे फर्माईशीचे पैसे पडतात. लावणीला पाऊण तासाने एखाद्या जाणत्याची मान डोलली तर डोलली. पेटीवाल्याच्या घरचे भाडे मान डोलण्याने भागत नाही. अमेरिकेतील बॉमोल आणि बोवेन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा हाच आहे. कारखान्यात यंत्र आले की त्याच वेळात दुप्पट माल निघतो. परंतु चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ घेई तितकाच आजही घेते. भोवतालचे वेतनमान मात्र वाढत राहते आणि कलावंताचा वेळ दर वर्षी अधिक महाग होतो. (महाविद्यालयातील अध्यापनाचीही थोडीफार हीच गत आहे, फरक इतकाच, की तेथे वेतन आयोग असतो आणि बारीला तो नसतो.) त्यावर कडी म्हणजे, दोन्ही प्रकारांना एकच नाव आणि एकच दर असल्यामुळे हलके नाणे भारी नाण्याला चलनातून हुसकून लावते. येथे दोष मुलींच्या अभिरुचीचा नाही. त्या बाजाराचे ऐकतात, आणि बाजार पाऊण तास बसावयास तयार नाही.

चित्रपटाला सरसकट दोष देणेही न्यायाचे होणार नाही. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) किंवा ‘नटरंग’ (२०१०) यांनी लावणी पांढरपेशा घरांत नेली. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजाने तर ती रेडिओवरून स्वयंपाकघरात पोचली. मात्र ध्वनिमुद्रिकेच्या मापात बसण्यासाठी लावणी तीन-चार मिनिटांची झाली आणि ऐकणाऱ्याला तेवढीच लावणी असते असे वाटू लागले.

दुर्मिळ संगीताला भाव येतच नाही, असे मात्र नाही. उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांत १९७० च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांची, १९६० नंतरच्या दशकातील, त्यांच्या मायदेशी न खपलेली गाणी तेथील कामगार तरुणांनी शोधून काढली आणि शनिवारची अख्खी रात्र त्यांवर नाचण्याचा परिपाठ पाडला. विगन कॅसिनो या सभागृहात हे जागर १९७३ पासून १९८१ पर्यंत चालले. गाणे जितके अपरिचित तितकी त्याची प्रतिष्ठा मोठी, असा उफराटा नियम या मंडळींनी रूढ केला. त्याला ‘नॉर्दर्न सोल’ असे नाव पडले. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ मधील एक तबकडी, जिच्या अगदी मोजक्या प्रती शिल्लक आहेत, २०२० मध्ये एक लाख पौंडांना विकली गेली. ते तरुण आज सत्तरीला टेकले आहेत आणि आपल्यामागे या नाचाचे काय होणार, ही चिंता त्यांनाही आहे. पण त्यांच्यातील काहींची नातवंडे त्याच तबकड्यांवर नाचू लागली आहेत.

हे उदाहरण लावणीला जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि ते कोठे लागू पडत नाही हेच महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील दुर्मिळता तबकडीत होती. तबकडी पेटीत ठेवता येते, विकता येते आणि गायक दिवंगत झाला तरी ती वाजते. बैठकीच्या लावणीची दुर्मिळता देहात आहे. तिला मालकी हक्काचा कागद नाही आणि वारस नेमण्याची सोयही नाही. दुसरा फरक अधिक बोलका आहे. विगनचे कामगार स्वतःच श्रोते होते आणि स्वतःच नाचणारे होते. नाचल्यामुळे कोणाची पत गेली नाही. आपल्याकडे ऐकणारा एका जातीचा, नाचणारी दुसऱ्या जातीची, आणि रात्री टाळी देणारा सकाळी ओळख दाखवीत नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे, कारण तो खरा आहे. ही कला ज्या कोल्हाटी आणि तत्सम समाजांतील स्त्रियांनी जपली, त्यांनी तिच्यासाठी भोगलेल्या हालांचा हिशेब कोणी मांडावयाचा? डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते ज्यांनी वाचले आहे, त्यांना परंपरा जपण्याची भाषा सहजासहजी तोंडी आणता येणार नाही. घरातील कर्त्या पुरुषांचे पोट मुलीच्या पायांवर चालावे, तिने लग्न करू नये, तिच्या मुलाने बापाचे नाव विचारू नये, अशा व्यवस्थेतून ही विद्या पुढे सरकत आली. आज त्या घरांतील मुलगी शाळेत जात असेल, परिचारिका किंवा शिक्षिका होत असेल, तर लावणीचा एक वारस कमी झाला म्हणून हळहळणे हे क्रौर्य ठरेल. विद्या टिकावी आणि वेठ संपावी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधावयाच्या असतील, तर जन्माने मिळणारा वारस विसरून शिकून होणारा वारस शोधावा लागेल, आणि त्या शिकण्याला मोल द्यावे लागेल.

शासनाने काही केलेच नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि पुढे ती अटींसह उठली. तेव्हापासून शासनाचे या कलेशी असलेले नाते एका हाताने छडी आणि दुसऱ्या हाताने शाल असेच राहिले आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती काय होती हे महाराष्ट्राने पाहिले, आणि मग त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. पुरस्कार हा संपलेल्या कामाचा मोबदला असतो. चालू कामाला हवे असते वेतन. अकलूजला १९९३ मध्ये सुरू झालेल्या लावणी स्पर्धेने बारीच्या पार्ट्यांना प्रतिष्ठेचे व्यासपीठ दिले आणि भूषण कोरगावकर व सावित्री मेधातुल यांनी संगीत बारीच्या कलावंतिणींना नाट्यगृहात, कुटुंबासह आलेल्या श्रोत्यांसमोर आणले. तिकीट काढून बसलेला हा श्रोता पाऊण तास ऐकू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. परंतु अशा प्रयोगांची संख्या थोडी, आणि ते मुख्यतः शहरांतले.

उपाय फार मोठ्या खर्चाचा नाही. साठी ओलांडलेल्या ज्या गायिकांना जुन्या लावण्या अदेसह येतात, त्यांना दरमहा अध्यापकाच्या दर्जाचे मानधन द्यावे. प्रत्येकीकडे दोन शिष्या असाव्यात, त्या कोणत्याही जातीच्या असोत, आणि त्यांनाही विद्यावेतन असावे. वर्षाला ठरावीक लावण्या पुऱ्या अंगात उतरल्या की नाही, हे जाणत्यांनी बसून पाहावे. एका मध्यम शासकीय महोत्सवाच्या मंडपावर, रोषणाईवर आणि हारतुऱ्यांवर जो खर्च होतो, त्यातून अशी एखादी शाळा वर्षभर चालू शकेल. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे; तिच्या जोडीला बारीच्या गावांतच असे वर्ग निघाले, तर गुरूला म्हातारपणी मुंबईच्या गाडीत बसावे लागणार नाही. चित्रीकरणही करावे, मात्र कॅमेऱ्यात लावणी भरून ठेवली म्हणजे काम झाले, या भ्रमात राहू नये. मासा बर्फात ठेवला म्हणजे तो तळ्यात आहे असे होत नाही.

राहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा, आणि तो पुन्हा निफाड तालुक्यात आणून सोडतो. परशराम शाहीर याच नाशिक जिल्ह्यातील बावीचे आणि अनंत फंदी शेजारच्या संगमनेरचे. ज्या मुलखात हे शाहीर उपजले, तेथे द्राक्षांनी आणि टोमॅटोने पैसा आणला आहे. यात्रेच्या मोसमात गावोगावच्या कमिट्या नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन तमाशाची सुपारी देतात. २०२० आणि २०२१ मध्ये यात्रा बंद राहिल्या तेव्हा फड कसे कोलमडले, हे सर्वांनी पाहिले. सुपारी देणारा गावकरी हाच या धंद्याचा मोठा आश्रयदाता असल्याचे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले. आश्रयदात्याला अट घालता येते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हजेरीच्या वेळी किंवा गावच्या शाळेच्या सभागृहात, बायका-मुलांसह बसून ऐकावयाची एक तासाची बैठकीची लावणी, चित्रपटाच्या फर्माईशीवाचून आणि वेगळ्या बिदागीसह, अशी एक ओळ करारात लिहिली तर कमिटीच्या एकूण खर्चात ती उठूनही दिसणार नाही. पार्टीच्या मालकिणीला मात्र ती दिसेल, आणि जुनी वही पेटीतून काढून मुलींना बसवावे की नाही, हे ती त्यावरून ठरवील. कमिट्यांच्या बैठका फाल्गुनात होतात.