लेण्यांचा दगड आणि विजेचे बिल

‘अजिंठ्याची लेणी ज्वालामुखीच्या दगडात आहेत, मग त्या उष्णतेवर आपला दिवा का लागत नाही?’ एका बालवाचकाने आम्हाला विचारले आहे. बाळ, तो काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. पण तो केव्हाच निवाला. आइसलँडमध्ये धग अजून जिवंत आहे. तिथली दहापैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेने ऊबदार होतात.

आपल्याकडे आहे ऊन. एक किलोवॉटचे सौर पॅनेल महिन्याला शंभरावर युनिट देते. २०२४ च्या सूर्यघर योजनेत त्याला ३०,००० रुपये अनुदान आहे. मात्र छप्पर हक्काचे हवे! सोसायटीला सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० मिळतात. त्यावर जिन्यातला दिवा लागेल. भाड्याच्या खोलीतला कशावर लावायचा?