‘आवाका लहान’

ग्रामीण भागातील विद्यार्थ्याने कशावर लिहावे, हे आता जणू ठरूनच गेले आहे: दुष्काळ, कारखान्याचे राजकारण, धरणाखाली गेलेले गाव. बारामती-इंदापूरकडील एखाद्या मुलीने उसाच्या टिपरीवरील डोळ्याविषयी दोन पाने लिहिली, की स्पर्धांचे परीक्षक ‘आवाका लहान’ असा शेरा मारून मोकळे होतात. हा शेरा आम्हांस निव्वळ आळशीपणाचा वाटतो. लागणीच्या वेळी सरीत टिपरी ठेवणारी बाई डोळा खाली दबणार नाही अशा बेताने ती हातात फिरवते, कारण दबलेल्या डोळ्याचा कोंब उशिरा वर येतो. तिची मजुरी, मालकाचे पाणी, कारखान्याकडील उसाची नोंद, सारे त्या मनगटाच्या वळणाशी बांधलेले आहे. याहून मोठा आवाका परीक्षकांना कोणता हवा आहे?

लहान विषयाच्या आडून प्रश्न टाळले जातात, हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. पारिजातकाचा सडा आणि चहाची वाफ यांवरील ललित लेखन आम्हीही पुष्कळ तपासले आहे (आणि सोसले आहे). तिथे दोष असतो तो न पाहण्याचा. मर्ढेकरांनी पिंपात मेलेले उंदीर पाहिले, तेव्हा महायुद्धोत्तर काळाचा प्रश्न टाळला गेला, असे कोण म्हणेल?

आणि बारामतीतच आयुष्य वेचलेल्या मोरोपंतांचे (१७२९–१७९४) काय करायचे? रामकथेएवढा विशाल विषय हाती असताना, आणि एकशे आठ रामायणे रचली असे म्हणतात तो हा कवी, अक्षराअक्षरापाशी अडून बसला. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ मिटून उच्चारायची अक्षरे वर्ज्य, म्हणजे ‘म’ नाही, म्हणजे रामकथेत ‘राम’ हे नावच नाही! याला पंडिती कसरत म्हणून हसण्याची रीत आहे, आणि ती सर्वस्वी अन्यायाची नाही. तरीही नायकाचे नाव हातचे गेल्यावर कवीला त्याच्याकडे दुसऱ्या वाटेने जावे लागते, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते. मग गर्दी होते, तीच ती छायाचित्रे छापली जातात, विस्थापनावर तेच ते लेख येतात. भिगवणला रोहित पक्ष्यांवर लांबलचक भिंगे रोखली जातात. तो पक्षी मात्र चोच उलटी करून गाळातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून घेत असतो, आणि त्याचा गुलाबी रंग येतो तो त्यांतूनच. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही यापुढेही पळसदेवला पाठवू. मंदिराच्या दगडावर पाण्याने ओढलेली रेघ कुठवर आली आहे, तेवढेच लिहून आणायला सांगू. परीक्षकांनी शेरा मारण्यापूर्वी ती वही निदान शेवटपर्यंत वाचावी.