परीक्षेच्या यंत्राची मालकी कोणाची?

संगणकावरील परीक्षा बंद करा आणि पुन्हा कागदावर परीक्षा घ्या, ही मागणी आपल्या तरुण साथींच्या बैठकांतून अलीकडे वारंवार ऐकू येते. तिच्यामागचा संताप सर्वस्वी खरा आहे. मागणी मात्र रोगाऐवजी भलत्याच ठिकाणी बोट ठेवते, असे माझे मत आहे आणि ते येथे स्पष्टपणे मांडणे अगत्याचे वाटते.

संतापाचे कारण दूर शोधावे लागत नाही. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या वर्गासाठी शुल्क हजार रुपये, राखीव वर्गासाठी नऊशे. नऊशेच धरून हिशेब केला तरी रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. बेकारांकडून नोकरीच्या आशेवर वसूल केलेला हा कर आहे. त्याला दुसरे नाव मला सुचत नाही. १७ ऑगस्टपासून जवळजवळ महिनाभर, दिवसाला तीन सत्रांत ही परीक्षा चालली. २१ ऑगस्टला सर्व्हर बंद पडला आणि रात्रीच्या एसटीने उपाशीपोटी आलेली मुले राज्यभर केंद्रांच्या दारात तिष्ठत राहिली. आपल्या छत्रपती संभाजीनगरातील एका केंद्रावर तर खुद्द केंद्रातील मनुष्यबळच उमेदवाराला उत्तरे पुरवण्यात गुंतल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला, तेव्हा दोनशे गुणांच्या परीक्षेत दोनशे चौदा गुण मिळाल्याचे महाराष्ट्राने पाहिले!

या दोनशे चौदा गुणांची पुष्कळ थट्टा झाली. थट्टेपेक्षा त्यांचे अर्थशास्त्र समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. सर्व उमेदवारांना एकाच वेळी बसवण्याइतके संगणक उपलब्ध नाहीत, म्हणून सत्रे करावी लागतात. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, तिची काठिण्यपातळी वेगळी. म्हणून संख्याशास्त्रीय सूत्राने सर्वांचे गुण एका पातळीवर आणावे लागतात. अवघड सत्रात उत्तम उत्तरे देणाऱ्याचे गुण त्या सूत्रात शंभर टक्क्यांच्या पलीकडे जाऊ शकतात. सूत्र शास्त्रशुद्ध असेलही. पण ज्याची नोकरी एका गुणाने हुकली, त्याला आपला गुण कोणत्या आकडेमोडीत वाढला वा घटला हे स्वतः पडताळून पाहता येत नाही. म्हणजे मूळ प्रश्न संगणकांच्या तुटवड्याचा आहे, आणि शासनाने आपली सार्वजनिक यंत्रसामग्री उभारलीच नाही म्हणून हा तुटवडा आहे.

आता कागदाकडे वळू. १९ जानेवारी २०२० रोजी झालेली शिक्षक पात्रता परीक्षा कागदावरच झाली होती. तरीही साडेसात हजारांहून अधिक अपात्र उमेदवारांना पात्र ठरवण्याचा उद्योग उघडकीस आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली. निकालाचे काम खाजगी कंपनीकडे होते. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली, तीही कागदावरची. २०२४ च्या ‘नीट’चे प्रकरण कागदाचेच. कागद निर्मळ होता, हा आपल्या मनाचा भ्रम आहे.

‘नीट’नंतर नेमलेल्या राधाकृष्णन समितीचा कल शक्य तेथे संगणकावर परीक्षा घेण्याकडे आहे. परंतु २०२१ च्या ‘जेईई मेन’ परीक्षेत सोनीपतच्या केंद्रातील संगणकांचा ताबा दुरून घेऊन दुसऱ्यानेच उत्तरे भरल्याचा गुन्हा सीबीआयने नोंदवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एका रशियन नागरिकाला अटक केली. तेव्हा यंत्र आणले की चोरी संपली, ही सरकारी श्रद्धाही तितकीच भोळी आहे. कागद असो वा यंत्र, चोरी होते ती मुलाच्या बाकावर नव्हे, कंत्राटदाराच्या खोलीत. दहावीच्या मुलाच्या मोज्यात चिठ्ठी शोधणारे भरारी पथक त्या खोलीचे दार कधी ठोठावत नाही.

वास्तविक शाळेतील लॅपटॉप परीक्षेसाठी सुरक्षित करणे ही काही गूढविद्या नव्हे. परीक्षेसाठी वेगळे खाते उघडायचे, त्यातून परीक्षेच्या पडद्याखेरीज काहीही उघडणार नाही असे करायचे. पेन ड्राइव्हची जागा निकामी करायची. दुरून ताबा घेणारी प्रणाली काढून टाकायची. यंत्राला बाहेरचे जाळे न देता शाळेतीलच एका सर्व्हरशी जोडायचे, म्हणजे तालुक्याचे इंटरनेट गेले तरी परीक्षा थांबत नाही. आणि प्रत्येक उत्तर दिल्याक्षणी साठवले जाईल, वीज गेली तरी मुलाचे काम वाया जाणार नाही, अशी व्यवस्था करायची. यासाठी झुरिचच्या तंत्रविद्यापीठात विकसित झालेला ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ कोणालाही फुकट मिळतो आणि त्याची मूळ संहिता कोणालाही तपासता येते. आयटीआयचा हुशार विद्यार्थी हे काम आठवड्याभरात शिकेल. आपण मात्र त्यासाठी कोट्यवधींच्या निविदा काढतो.

केरळने वेगळा मार्ग धरला. २००१ मध्ये सुरू झालेला ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प दोन्ही आघाड्यांच्या राजवटींत टिकला. तेथील सरकारी शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर चालतात, शिक्षकच ते सांभाळायला शिकतात आणि दहावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षा शाळेच्याच संगणकांवर होते. महाराष्ट्राने काय केले? ‘बांधा, मालकी घ्या, चालवा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर सुमारे आठ हजार शाळांतील संगणककक्ष पाच-पाच वर्षांसाठी खाजगी कंपन्यांच्या हवाली केले. मुदत सरताच कंपन्या गेल्या आणि तुटपुंज्या मानधनावर राबणारे संगणक निदेशक रस्त्यावर आले. त्यांच्या आंदोलनांना आपण पाठिंबा दिला, पण तो सहानुभूतीपुरता. मालकीचा प्रश्न आपणही विचारला नाही. कन्नड तालुक्यातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी मला कपाट उघडून दाखवले. संगणक रांगेने ठेवलेले, वर कापडही घातलेले. सुरू करण्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. तो कंत्राटदाराबरोबर गेला होता.

येथे साथींचा एक आक्षेप मी आदराने मान्य करतो. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याच्यावर यंत्र अन्याय करते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम चार-पाच कुटुंबांकडे संगणक होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१५ व २०१६ मध्ये काही मुलांनी तीच परीक्षा कागदावर तर काहींनी संगणकावर दिली. बॅकस आणि कोवन या संशोधकांनी निकाल तपासले, तेव्हा संगणकावरच्या मुलांचे गुण घटलेले दिसले, गणितापेक्षा भाषेत अधिक. दुसऱ्या वर्षी सरावाने ही घट कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. श्रीमंत राज्यात ही अवस्था, तर गंगापूर-वैजापूरच्या मुलाचे काय होईल? त्यात मराठीच्या कळफलकाचा घोळ वेगळाच. सरकारी प्रमाण इनस्क्रिप्ट, दुकानातला जुन्या टंकयंत्राचा आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा. निबंध लिहिताना मुलाने विचार करायचा की जोडाक्षर शोधायचे? म्हणून शालेय लेखी परीक्षा आणखी काही वर्षे कागदावरच राहाव्यात आणि संगणकाचा सराव आधी वर्गात व्हावा, या मताचा मी आहे.

परंतु स्पर्धा परीक्षांचे यंत्र आता परत जाणार नाही. १९६० च्या दशकात आयुर्विम्यातील संगणकाला कामगार संघटनांनी कडवा विरोध केला. नोकऱ्यांची भीती रास्त होती, तरीही संगणक आलाच, आणि येताना त्याच्या अटी ठरवायला आपण टेबलावर नव्हतो. ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. म्हणून येत्या जिल्हा परिषद मोर्चाच्या निवेदनातून ‘ऑनलाइन परीक्षा रद्द करा’ ही ओळ काढावी, अशी माझी सूचना आहे. तिच्या जागी चार मागण्या घालाव्यात: प्रत्येक तालुक्यात सरकारी शाळेचा संगणककक्ष हेच परीक्षाकेंद्र असावे आणि ते सांभाळणारा निदेशक शासनाच्या कायम सेवेत असावा, परीक्षेच्या प्रणालीची संहिता खुली असावी, बेकारांकडून शुल्क घेऊ नये, आणि प्रत्येक उमेदवाराला त्याची उत्तरे, वेळेची नोंद व गुण काढण्याचे सूत्र लेखी मिळावे. आणि कोणत्या शाळेत किती यंत्रे कपाटात पडून आहेत, याची तालुकावार यादी मोर्चापूर्वी आपल्याच कार्यकर्त्यांनी तयार करावी. कन्नडची सुरुवात मी करून ठेवली आहे.