जुन्या सागाची घडीची शिडी

बारामतीच्या पेठेतील कापडाचे दुकान असो वा इंदापूरच्या बाजारातील भुसार मालाचे, जुन्या दुकानांची रचना बहुधा सारखीच असते. पुढे गादी, पाठीमागे छतापर्यंत गेलेल्या फळ्या आणि त्यांच्यावर पोटमाळा. दिवाळी जवळ आली की वहीपूजनापूर्वी हा माळा रिकामा केला जातो. लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्यांची गाठोडी खाली येतात, जळमटे निघतात. हे सारे काम होते ते खुर्चीवर स्टूल मांडून आणि एक पाय पोत्यांच्या थप्पीवर टेकवून. घरातही तीच तऱ्हा. सासूबाई स्टुलावर चढून वरचे डबे काढतात आणि नात खालून स्टूल धरून उभी राहते. त्या वयात खुब्याचे हाड मोडले तर सण अंथरुणात जातो; पुष्कळदा पुढचे वर्षही.

पाच फुटांची घडीची शिडी हा यावरचा साधा उपाय. रंगारी तिला घोडा म्हणतात. बाजारात ॲल्युमिनियमच्या शिड्या मिळतात व त्या हलक्याही असतात. पण विजेच्या दिव्याशी काम करताना धातूपेक्षा कोरडे लाकूड बरे. शिवाय अशी शिडी घरी करता येते. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातलेच. तरीही पेढीवरच्या माणसाच्या हाती करवत शोभत नाही, हा समज अनेक घरांत अजून टिकून आहे.

प्रश्न प्रथम लाकडाचा. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्माचा समावेश आहे, म्हणून नवे झाड तोडवून घेण्यास अनेक घरांत मन कचरते. सुदैवाने येथे आचार आणि सुतारकी यांचे मत एकच पडते. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग वखारीत मिळतो. तो वर्षानुवर्षे वाळलेला असल्याने सहसा पिळवटत नाही. मात्र निवड डोळसपणे करावी. जुन्या सांध्यांची भोके, खिळ्यांच्या जागा, मोठ्या गाठी आणि उभ्या चिरा असलेला तुकडा पायांसाठी घेऊ नये. तपकिरी-सोनेरी गाभा घ्यावा. कडेचा फिकट भाग कीड लवकर धरतो. बाभूळ या भागात मुबलक, गाडीच्या चाकांना आणि नांगराला उत्तम. परंतु ती जड असते आणि खिळा मारताना फुटते. रोज उचलायच्या शिडीला तिचा उपयोग नाही.

काम लाकडापासून नव्हे, फरशीपासून सुरू होते. खडूने तीन फुटांची एक रेघ ओढावी व तिच्या दोन्ही टोकांपासून पाच पाच फुटांच्या रेघा वर नेऊन मिळवाव्यात. ही उघडलेली शिडी बाजूने पाहिली अशी झाली. तिची उंची सुमारे ५७ इंच भरते. या उंचीचे पाच समान भाग केले की चार पायऱ्या आणि माथ्याची फळी यांच्या जागा ठरतात. शेजारी समोरून दिसणारे चित्र काढावे: तळाशी रुंदी २० इंच, माथ्याशी १३. पायऱ्यांची लांबी याच चित्रावरून घ्यायची, कारण दोन पायऱ्या सारख्या लांबीच्या नसतात. पुष्कळ घरगुती शिड्या येथेच बिघडतात. पायरीची खाच गुण्याने काटकोनात आखली जाते, मग शिडी उघडल्यावर पायऱ्या पुढे कलतात आणि पाय घसरतो. कोन चित्रातून उचलावा. पायरी जमिनीशी समांतर आली पाहिजे.

पुढचे दोन पाय तीन इंच रुंद व सव्वा इंच जाड असावेत. त्यांत पायरीसाठी तीन सूत खोल खाच पटाशीने काढावी. पायरीचा भार या खाचेने पेलावयाचा आहे, स्क्रूने केवळ तिला जागेवर धरावयाचे. सर्वांत खालच्या व वरच्या पायरीखाली नटबोल्टची लोखंडी सळी आरपार घातली, तर पाय फाकत नाहीत. मागचा सांगाडा हलका चालतो, मात्र त्याला एक तिरकी पट्टी हवीच. तिच्यावाचून शिडी कुशीवर डुलते.

सपाट पायऱ्यांची घडीची शिडी आज इतकी नित्याची आहे की तिच्याही मागे कोणाचा विचार होता, हे ध्यानी येत नाही. अमेरिकेतील डेटन गावच्या जॉन बाल्सली यांनी १८६२ साली तिच्या सुधारित रूपाचे पेटंट घेतले. तिचा खरा जीव मात्र बिजागरीत नसून साखळीत आहे. पायाच्या टोकापासून २० इंचांवर पुढच्या-मागच्या पायांतले अंतर बरोबर दोन फूट येते. तेवढ्याच लांबीच्या दोन साखळ्या दोन्ही अंगांना लावाव्यात. एक जरी अर्धा इंच लांब राहिली, तर सारा ताण दुसरीवर येतो आणि सांगाडा पिळतो. दोरी ताणली जाते, म्हणून ती नको.

रंग देऊ नये. रंगाखाली चीर दिसत नाही, आणि शिडीची चीर वेळेवर दिसणे यातच चढणाऱ्याची सुरक्षितता आहे. जवसाचे उकळलेले तेल पुरेसे. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात व पेट घेतात; कापडाच्या दुकानात याचा अर्थ काय होतो, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

शिडीवर प्रथम चढावे ते साखरेच्या पोत्याने. ५० किलोचे पोते खालच्या पायरीवर ठेवावे, मग एकेक पायरी वर न्यावे, शेवटी एकाच पायरीवर दोन पोती रात्रभर बांधून ठेवावीत. सकाळी प्रत्येक खाचेवरून नख फिरवून पाहावे. माथ्याच्या फळीवर कोणी उभे राहू नये, तेथे गुडघ्याला टेकू नसतो. वापर नसेल तेव्हा शिडी भिंतीशी उभी, ओल आणि ऊन टाळून ठेवावी. पुन्हा उघडताना घाई नको. घडीच्या फटीत कोळी किंवा पाल दडलेली असते. आधी पुंजणीने हलकेच झाडून घ्यावे आणि मगच पाय फाकवावेत.