जाहीर आवाहन : कंपनीचे शेअर वेळेत मोकळे करून घ्या

भिवंडीतील गोदाम, लॉजिस्टिक आणि वस्त्रोद्योग कंपन्यांतील कर्मचारी बंधू-भगिनींनो,

माणकोली, काल्हेर, राहनाळ, दापोडा या पट्ट्यात काम करणाऱ्या ज्यांना पगाराबरोबर ईसॉपमधून, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या योजनेतून, शेअर मिळाले आहेत, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. शेअर मिळाले ही चांगलीच गोष्ट. पण पगारही त्याच कंपनीचा आणि साठवणही तिथेच अडकलेली, यात मोठा धोका आहे. कंपनी बसली तर दोन्ही एकाच दिवशी जातात.

दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला माहीत झालेली अमेरिकन कंपनी एन्रॉन डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतली निम्म्याहून अधिक रक्कम कंपनीच्याच शेअरमध्ये होती. कंपनीने दिलेले शेअर वयाच्या पन्नाशीआधी विकायला मनाई होती. त्यानंतर 2006 मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या बहुतेक निवृत्ती योजनांत तीन वर्षांच्या सेवेनंतर असे शेअर विकून पैसे इतरत्र गुंतवता येऊ लागले. तिथल्या निव्वळ ईसॉपसाठी, म्हणजे मुख्यतः कंपनीच्याच शेअरमध्ये पैसे ठेवणाऱ्या निवृत्ती योजनेसाठी, मात्र अजूनही वय 55 आणि योजनेत दहा वर्षे ही अट आहे. ती सैल व्हायला हवी.

आपल्या जवळचे उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे. बंद पडलेला हा कारखाना 1988 मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतला. कामगारांनी स्वतःची बचत त्यात घातली. काही वर्षे काम चांगले चालले, पण पुढे कारखाना पुन्हा अडचणीत आला. मालकी मिळाली तरी जोखीम संपत नाही.

आपल्या कंपनी कायद्यानुसार ग्रँट (शेअर देऊ करणे) आणि व्हेस्टिंग (ते घेण्याचा हक्क मिळणे) यांत किमान एक वर्षाचे अंतर हवे. शेअर हातात आल्यावर लॉक-इन, म्हणजे विक्रीवर बंदीचा काळ, किती ठेवायचा, हे कंपनी ठरवते. म्हणजे अट सैल करणे कंपनीच्या हातात आहे आणि मागणी करणे आपल्या.

म्हणून आपण सर्वांनी मिळून एवढे मागू या :

1. शेअर मिळून तीन वर्षे झाली की दरवर्षी त्यातला चौथा हिस्सा विकण्याची मुभा. वयाची अट नको.
2. शेअर बाजारात नोंदणी नसेल, तर कंपनीने वर्षातून एकदा बायबॅक करावा, म्हणजे शेअर स्वतः परत विकत घ्यावेत. भाव स्वतंत्र मूल्यांकनकाराने ठरवावा.
3. योजनेचे नियम सोप्या मराठीत आणि हिंदीत लेखी मिळावेत.

चौथा हिस्सा म्हटल्यामुळे कंपनीलाही एकदम मोठी रोकड काढावी लागणार नाही.

तोवर आजच ग्रँट लेटर काढून चार गोष्टी पाहा : व्हेस्टिंगची तारीख, लॉक-इन, नोकरी सोडल्यावर किती दिवसांत शेअर घ्यावे लागतात आणि किती किमतीला. शेअर घेतानाच, विकायच्या आधी, भाव आणि आपण भरलेली किंमत यांतल्या फरकावर पगारासारखा कर लागतो. त्याची तजवीज ठेवा. घरच्यांनाही ही कागदपत्रे दाखवा.

एकट्याने अर्ज केला तर तो फायलीत पडून राहतो. शिफ्ट सुटल्यावर एकत्र बसा, एकच अर्ज लिहा, सर्वांच्या सह्या घ्या, एचआरकडे द्या आणि पोच घ्या. घामाचे पैसे कुठे ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपलाच आहे.

आपला,
भिवंडीतील एक गोदाम कर्मचारी