जलपर्णी वाढवा, नाणी मिळवा

अ‍ॅप स्टोअरवर ज्या गेमच्या वर्णनात 'रिलॅक्सिंग' असं लिहिलेलं असतं, त्याची नोटिफिकेशनं मी आधी बंद करतो आणि मगच तो खेळायला घेतो. हिरवंगार तळं, टिपटिप पाऊस, पियानोचे चार सूर, पानावर बसलेला गुबगुबीत बेडूक. इथवर झकास. मग बेडकाच्या डोक्यावर लाल ठिपका उगवतो. ठिपका दाबा, नाणी घ्या. नाण्यांचं कमळ घ्या. कमळ दर सेकंदाला आणखी नाणी देतं. नोटिफिकेशन बंद करायचं राहून गेलं असेल तर जेवताना फोन थरथरतो: 'तुमचे मासे तुमची वाट बघतायत!' मासे कुणाची वाट बघत नसतात. वाट बघत असतो तो गेम काढणारा, आणि तुम्ही जी तीस सेकंदांची जाहिरात मुकाट्यानं बघणार आहात तिची.

या प्रकाराला आयडल गेम म्हणतात. आपण हात लावला नाही तरी चालू राहणारा, अ‍ॅप बंद असतानाही आकडे वाढवत बसणारा. छोटीशी परिसंस्था जोपासण्याचा खेळ या साच्यात कोंबायची सध्या टूम आहे: तळी, बरणीतल्या बागा, प्रवाळ, जंगलाचे तुकडे. मी गेम डिझाइन करूनच पोट भरतो आणि त्यातही आकड्यांचा मेळ घालायचं काम माझ्या गळ्यात असतं. त्यामुळे पानं बाजूला सारल्यावर खाली काय आहे ते मला दिसतं. खाली एक्सेलची शीट आहे. गेली दहा-बारा वर्षं तीच.

ही शीट घराघरांत पोचवली ती २०१३च्या 'कुकी क्लिकर'नं. ज्युलियँ तिएनो या फ्रेंच प्रोग्रामरचा हा गेम. बिस्किटावर टिचकी मारा, बिस्किटं मिळवा, त्यांतून बिस्किटं बनवणारी यंत्रं घ्या. प्रत्येक खरेदीनंतर त्या यंत्राची किंमत १५ टक्क्यांनी चढते. पहिला कर्सर १५ बिस्किटांना मिळतो. शंभर घेऊन झाले की पुढच्यासाठी पावणेदोन कोटींच्या वर मोजावी लागतात. चक्रवाढ व्याज, दुसरं काही नाही. पण तो गेम प्रामाणिक होता. हव्यास कसा फुगत जातो याची ती थट्टा होती आणि थट्टा आहे हे लपवलेलं नव्हतं. त्याआधी २०१० साली इयन बोगोस्ट या अमेरिकी प्राध्यापकानं 'काऊ क्लिकर' काढला होता, 'फार्मव्हिल' या शेतीच्या गेमची टर उडवायला. गाईवर दर सहा तासांनी एकदा क्लिक करायचं, बस्स. पैसे भरलेत तर सहा तास थांबावं लागत नाही. पन्नास हजारांवर लोक तो मनापासून खेळू लागले. वैतागून त्यानं पुढच्या वर्षी सगळ्या गाई गायब केल्या, तर काही जण रिकाम्या गवतावर क्लिक करत राहिले.

आमच्या धंद्यानं यातून काय घेतलं? रिकाम्या गवतावरही लोक क्लिक करतात, एवढंच. आणि मग त्या गवताला 'इकोसिस्टीम' नाव दिलं.

माझा राग या नावावर आहे. जी गोष्ट फक्त वाढतच जाते तिला परिसंस्था म्हणत नाहीत. एखादा जीव कितीही वेगानं वाढला तरी अन्न, जागा, उजेड यांपैकी काहीतरी कमी पडतं आणि वाढीची रेघ आडवी होते, हे गणित व्हेरहुल्स्ट या गणितज्ञानं १८३८ साली मांडून ठेवलं आहे. रेघ आडवी झालीच नाही तर काय होतं, हे बघायला पुणे-पिंपरीकरांना गेम लागत नाही. पवनेच्या नाहीतर इंद्रायणीच्या पुलावर उभं राहिलं की झालं. काठापासून काठापर्यंत जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर माजते आणि पोषक पाण्यात पंधरवड्याच्या आत दुप्पट होते. खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे उलटे होऊन तरंगतात. या गेमच्या भाषेत ही नदी चाळिसाव्या लेव्हलला पोचलेली आहे. तिथं फटाके उडायला हवेत, 'अभिनंदन' झळकायला हवं आणि जलपर्णीचा सोनेरी वाण ९९ रुपयांत मिळायला हवा.

या गेममध्ये कुजतही काही नाही. पान गळलं की त्याच्यावर झाडू येतो. झाडू दाबला की पाच नाणी. म्हणजे सोसायटीच्या कमिटीची निसर्गाविषयीची समज यांनी जशीच्या तशी उचलली आहे: पाचोळा म्हणजे कचरा. आपल्याकडे देवराईत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून त्यांची नोंद केली. उन्मळून पडलेलं झाड तिथंच पडून राहतं. त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरतात, बुरशी चढते, वाळवी लागते, आणि त्या भुशावर पुढचं रोप उभं राहतं. सगळा व्यवहार त्या कुजण्यात आहे. गेममध्ये माती म्हणजे मागचं तपकिरी चित्र.

मातीला चित्र समजणं किती महागात पडतं ते अ‍ॅरिझोनात दिसलं होतं. 'बायोस्फिअर २' नावाच्या सुमारे ३ एकरांच्या काचघरात सप्टेंबर १९९१मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी कोंडून घेतली गेली. आत छोटंसं जंगल, छोटासा समुद्र, शेती. सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४च्या आसपास आला आणि जानेवारी १९९३मध्ये तो बाहेरून भरावा लागला. खतावलेल्या मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन संपवत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं, म्हणून चोर लवकर सापडेना. एवढे शास्त्रज्ञ, एवढा पैसा, आणि खेळ ठरवला पायाखालच्या जंतूंनी. आयडल गेम करणाऱ्यांनी यातलं एखादं पान वाचलं असतं तर कमळाच्या आधी चिखल डिझाइन केला असता.

मी आखलेल्या गेममधल्या तळ्यात चिखल आहे. पान पडतं, कुजतं, पाणी गढूळ होतं, डासांच्या अळ्या होतात, त्या अळ्यांवर चतुराच्या अळ्या जगतात, बेडूक चतुर पकडतात आणि बेडकाला दिवड गिळते. हा आराखडा एका प्रकाशकासमोर मांडला तेव्हाचं बोलणं असं:

"सर, हा बेडूक का मरतोय?"

"दिवड खाते त्याला."

"यूजरला वाईट वाटेल. दिवड काढू या ना."

"दिवड काढली तर बेडूक माजतात, चतुर फस्त करतात, मग डासच डास."

"बेस्ट! डास टॅप केला की कॉइन."

या माणसाचा मला राग येत नाही. त्याला महिन्याअखेरी तीन आकडे दाखवायचे असतात: पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती लोक परत आले. त्या तीन आकड्यांपायी तो दिवडच काय, पाऊससुद्धा काढेल. मला राग येतो तो आमच्या जातभाईंचा, म्हणजे डिझायनरांचा. हे नीट करणं अवघड आहे म्हणून टाळायचं आणि टाळल्यावर त्याला 'यूजरला हेच हवं असतं' असा मुलामा द्यायचा.

अवघड कुठे आहे ते सांगतो. अ‍ॅप आठ तास बंद राहिलं, म्हणजे २८,८०० सेकंद. कमळ सेकंदाला दहा नाणी देत असेल तर गुणाकार करा, २,८८,००० द्या, मोकळे व्हा. तळ्यात हा गुणाकार चालत नाही. डास घटले की चतुर घटतात, चतुर घटले की डास वाढतात. दर क्षणाला दर बदलतो. आठ तासांची एकच उडी मारलीत तर उणे तीनशे डास आणि ०.४ दिवड असं काहीतरी हाती लागतं. पूर्णांकात न मोजण्याचे असले विनोद गंभीर लोकांनीही केलेत. इंग्लंडमधल्या कोल्ह्यांत रेबीज कसा पसरेल याचं एक गणित १९८०च्या दशकात मांडलं गेलं. त्यात साथीनंतर दर चौरस किलोमीटरला कोल्ह्याच्या एका अब्जांशाचा एक अब्जांश एवढा ऐवज उरत होता आणि त्यातून पुढे पुन्हा कोल्हेच कोल्हे होत होते. टीकाकारांनी त्या कणाला 'अ‍ॅटो-फॉक्स' असं नाव ठेवलं. तेव्हा पावलं लहान घ्यायची, जीव अखंड मोजायचे, शून्य झाला तर शून्यच ठेवायचा, आणि शेजारच्या ओढ्यातून एखादा नवा येण्याची बारीकशी शक्यता ठेवायची. हे फोनवर सहज होतं. फोन गरीब नाहीत. आळस आपला आहे.

या भक्ष्य-भक्षक गणिताच्या जन्माची हकीकत तर आयडल गेमवाल्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, आणि बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. ते का, असा प्रश्न उम्बेर्तो द'आन्कोना या प्राणिशास्त्रज्ञाला पडला. त्याचा सासरा व्हिटो व्होल्तेरा गणिती; त्यानं १९२६ साली उत्तर मांडलं. माणसानं हात आखडता घेतल्यावर समुद्रानं काय केलं, याचं ते गणित आहे. आयडल खेळाला याहून चांगला विषय कुठला? आणि आपण करतो काय, तर खेळणाऱ्याला दर चार तासांनी हाक मारतो.

बरं, हे जमत नाही असंही नाही. १९९०चा 'सिमअर्थ' घ्या. विल राइटच्या या गेममध्ये लव्हलॉक या शास्त्रज्ञाचं 'डेझीवर्ल्ड' होतं. मूळ कल्पनेत काळी आणि पांढरी, अशी दोनच प्रकारची फुलं आहेत. सूर्य तापत गेला की पांढरी पसरतात, ऊन परतवतात आणि ग्रह आपलं तापमान आपणच सांभाळतो, बराच काळ. २०१४चा जपानी 'नेको अत्सुमे'. अंगणात खाऊ ठेवायचा. मांजरं आली तर आली. विसरलात तर ती येत नाहीत, मरत नाहीत, रुसत नाहीत, तुमच्या नावानं पत्र पाठवत नाहीत. विकत घ्यायचे सोनेरी मासे त्यातही आहेत, पण गळ्यात दोरी बांधून ओढणं नाही. २०२३चा दक्षिण आफ्रिकेतला 'टेरा निल' आयडल नव्हे, पण त्यानं एक जबरदस्त काम केलंय: उजाड जमीन सावरायची, जंगल उभं राहिलं की आपली सगळी यंत्रं मोडून गोळा करायची आणि निघून जायचं. जाणं हाच तिथं विजय आहे. आमच्या प्रकाशकांच्या भाषेत त्याला 'चर्न' म्हणतात आणि त्यावर बैठका बसतात.

मग पैसे कसे मिळणार, हा प्रश्न येतोच. साधे मिळतील, एकदाच मिळतील. दीडशे-दोनशे रुपये किंमत लावा आणि विषय मिटवा. माणूस दोन महिने फिरकला नाही तर त्याला नवं तळं दिसू दे: पाणी आटलेलं, बेडूक चिखलात दडलेले, एका कोपऱ्यात न लावलेलं काहीतरी उगवलेलं. काय झालं ते त्याचं त्याला हुडकू दे. आपल्यावाचून अडलं नाही हे बघून माणसाला हलकं वाटतं, आणि तो परत आलाच तर त्या हलकेपणासाठी येईल.

ज्यांना रोज उघडलाच गेला पाहिजे असा गेम हवा आहे, त्यांनी तो जरूर करावा. जाहिराती लावाव्यात, नाणी ओतावीत, चक्रं फिरवावीत. धंद्यात लाज कसली. फक्त स्टोअरवर तो 'कॅसिनो' या सदरात टाकावा. बेडकाला मध्ये आणू नये.