वांझ कोण ठरवणार? मुधोळच्या कुत्रीची बाजू

मंडळी, मुधोळ संस्थानाचा विषय निघाला की आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसाची छाती जरा फुगतेच. घोरपड्यांचं राज्य, घटप्रभेचं पाणी, आणि ते लांब पायांचं, आत गेलेल्या पोटाचं, वाऱ्यासारखं पळणारं शिकारी कुत्रं. राजेसाहेब मालोजीराव घोरपड्यांनी या जातीला राजाश्रय दिला. कुणी त्याला मुधोळ हाउंड म्हणतो, कोल्हापूर-सोलापूरकडे 'कारवान' म्हणतात, केसाळ असलं तर 'पश्मी'. 2005 साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, 2016 साली इथली पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रावर प्रशिक्षणाला गेली. हे सगळं आपण कौतुकानं एकमेकांना सांगतो आणि सांगावंच. पण या कौतुकात एक हिशेब कुणी मांडत नाही, तो आज मांडतो. मी बी.कॉम. झालेला, आयुष्यभर बँकेत आकडे जुळवलेला माणूस. जनावरांचा डॉक्टर नाही. तरी कर्जफाइल तपासणाऱ्याला एक सवय लागते: मालमत्ता कुठली, तिची तपासणी कुणी केली, आणि नुकसान झालं तर ते कुणाच्या नावावर टाकलं, हे तो आधी बघतो.

नोकरीतली काही वर्षं माझी त्या बाजूच्या शाखेत गेली. बागलकोट जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट, सगळा मुलूख तेव्हा विजापुरात. आयआरडीपीची म्हैस द्यायची तर फाइलला काय काय लागायचं ते जुन्या सहकाऱ्यांना आठवत असेल. पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, विमा, कानाला बिल्ला, दूध किती देते त्याचा अंदाज. म्हैस माजावर आली की गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाची सोय. गाभ राहिला की नाही ते डॉक्टर हात घालून सांगणार. दोनदा राहिला नाही तर कारण शोधायचं, औषध द्यायचं. एका म्हशीमागे सरकार, बँक, विमा कंपनी आणि डॉक्टर अशी चार खाती उभी होती.

त्याच गावात, त्याच गोठ्याशेजारी, मुधोळची कुत्री बांधलेली असायची. तिच्या पिल्लांवर घराला चार पैसे मिळायचे. तिच्यामागे मात्र कुणीच नाही. बहुतेक ठिकाणी आजही तेच चित्र आहे.

पाळणाऱ्याची पद्धत ठरलेली. कुत्रीला रक्त दिसलं की दिवस मोजायचे, अकराव्या आणि तेराव्या दिवशी नराकडे न्यायची. राहिली तर राहिली. नाही राहिली तर, "साहेब, दोनदा लावली, राहिली नाही बघा, वांझच हाय ती." झालं. वांझ ठरलेल्या कुत्रीचं पुढं काय होतं ते सांगायला नको. कुणाच्या तरी मळ्यावर राखणीला देतात, नाहीतर रस्त्यावर सोडतात. खायला घालून काय उपयोग, असा सरळ व्यवहार.

माझं म्हणणं असं की हा निकाल पुराव्याशिवाय दिला जातो. ज्या कुत्र्यांना वांझ म्हटलं जातं त्यातल्या कितीतरी वांझ नसतात. त्यांचा दिवस चुकलेला असतो. सगळ्या कुत्र्यांचं बीज अकराव्या दिवशी सुटत नाही. एखादीचं सातव्या-आठव्या दिवशी, तर एखादीचं विसाव्या दिवसानंतरही. आणि बीज सुटलं तरी ते लगेच फळत नाही, पक्व व्हायला आणखी दोनेक दिवस जातात. म्हणजे खरे उपयोगाचे दिवस थोडेच, आणि ते बाहेरून बघून कळत नाहीत. शेपूट बाजूला केली, नराला उभी राहिली, एवढ्यावर ठरवणं म्हणजे खातेदाराचा शर्ट बघून कर्ज मंजूर करणं.

दिवस ठरवायचे दोन मार्ग आहेत. एक स्वस्तातला: योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेशींचा आकार बदलत जातो त्यावरून माज कुठवर आला ते कळतं. बीज नेमकं कधी सुटलं हे त्यातून सांगता येत नाही, पण अंधारात दिवा तरी लागतो. दुसरा मार्ग रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजण्याचा. माजाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांच्या अंतरानं रक्त तपासायचं. मिलिलिटरमागे साधारण 2 नॅनोग्रॅमवर आकडा गेला की हालचाल सुरू झाली, 5 च्या आसपास आला की बीज सुटतंय असं धरतात, आणि त्यानंतर दोन ते चार दिवसांत नर लावतात. एकाच दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. पासबुकातली एकच शिल्लक बघून खातं कळत नाही, स्टेटमेंट लागतं, तसंच हे.

यात एक गोष्ट फार जणांना माहीत नाही. हे संप्रेरक माणसात आणि कुत्र्यात एकच. त्यामुळे पशुवैद्यकानं रक्त काढून दिलं तर माणसांच्या चांगल्या लॅबमध्येही ते मोजता येतं, अर्थ मात्र पशुवैद्यकानंच लावायचा. अहवालावर एकक बघून घ्या. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात, तिथं 3.18 नं भागावं लागतं. डॉलर आणि रुपयात गल्लत केल्यावर जे होतं तेच इथं होईल.

आता नराकडे येऊ. आपल्याकडे दोष नेहमी मादीचा. घरातसुद्धा मूल झालं नाही की आधी सुनेलाच डॉक्टरकडे नेत होते. नवरोबाची तपासणी म्हणजे घराण्याचा अपमान. आपल्या पिढीनं हे डोळ्यांनी पाहिलंय, मी वेगळं काय सांगू. गोठ्यात आणि अंगणात तोच न्याय चालतो. नावाजलेला नर, चार शर्यती मारलेला, त्याची फी आगाऊ घेतात, पण वीर्य तपासलेलं नसतं. कडक उन्हाळ्यात, तापानंतर, वय झाल्यावर नराचं वीर्य बिघडू शकतं. शुक्रजंतू तयार व्हायला दोनेक महिने लागतात, म्हणजे आज आलेल्या तापाचा परिणाम पुढच्या जोडीवरसुद्धा दिसू शकतो. तपासणीत संख्या, हालचाल आणि आकार बघतात. सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला डॉक्टर असला की प्राथमिक तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते.

त्याहून गंभीर बाब रोगाची. ब्रुसेला कॅनिस नावाचा जंतू आहे. कुत्री दीड महिना उलटल्यावर गाभडते, नर निकामी होतो, आणि वरून जनावर धडधाकट दिसतं. कुत्र्यांसाठी यावर लस नाही, औषधानं पूर्ण जाईल याची खात्री नाही, आणि गाभडलेलं उघड्या हातानं उचलणाऱ्या माणसालाही तो लागू शकतो. शिवाय भटक्या कुत्र्यांत दिसणारी जननेंद्रियाची गाठ संगातून पसरते. एकच नर दहा गावांतल्या कुत्र्यांना लावला तर तो वंशाबरोबर रोगही वाटत फिरतो. जामीनदार न तपासता दहा कर्जांना सही घ्यावी, त्यातला प्रकार.

काही जण म्हणतील, साहेब, आमच्या आज्या-पणज्याला कुठं लॅब होती? जात टिकली की. मान्य. पण तेव्हा राजाश्रय होता, निवड होती, आणि नको ते पिल्लू वंशाला लावत नव्हते. आज मोजक्याच नरांवर भार आहे, जवळच्या नात्यात जोड्या लागतात, त्यानं पिल्लं कमी होतात आणि नरांची ताकदही घटते. शिवाय कायदा बदललाय. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्यानं नोंदणी करायची, मादी दीड वर्षाच्या आत लावायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, आणि जोडी लावण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा. नियम चांगलेच आहेत. पण दाखला देणारा, कुत्र्याच्या प्रजननातलं जाणणारा डॉक्टर खेड्यापासून किती लांब, हेही बघायला नको? गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर चार गावांच्या गाई-म्हशींत बुडालेला. बीदर, शिरवळ, परळ इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, पण माजातली कुत्री दर दोन दिवसांनी तिथं कोण नेणार?

खर्चाचं म्हणाल तर हिशेब प्रत्येकानं आपापला मांडावा. एक वेत वाया गेलं तर किती गेलं, त्यात नराची फी, जीप-भाडं, सहा महिने ते वर्षभराचं खाणं धरा, आणि समोर तपासणीचा खर्च ठेवा. मला वाटतं, शिल्लक कुणाच्या बाजूला पडते ते सांगायची गरज नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. मुधोळ-जमखंडी-रबकवी या पट्ट्यात आणि आपल्या बेळगावातही, सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस कुत्र्यांच्या प्रजननाला ठेवा. स्राव, वीर्य, ब्रुसेला तपासणी, पंचवीस-तीस दिवसांनी सोनोग्राफी, पंचावन्न दिवसांनंतर पिल्लं मोजायला एक्स-रे. दुसरं, मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रातलं ज्ञान कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत पाळणाऱ्याच्या दारात यावं. कुत्र्याला सीमावाद नाही, आपणही इथं आणू नये. तिसरं पाळणाऱ्यांसाठी: संघ करा, वर्गणी काढा, रक्ताचे नमुने एकत्र पाठवा, प्रत्येक नराची वही ठेवा आणि तपासणीचा कागद बघितल्याशिवाय फी देऊ नका.

आणि एक कळकळीनं सांगतो. कुत्री अडली तर कुणाच्या सांगण्यावरून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचू नका. वाट बंद असेल किंवा पिल्लू आडवं असेल तर पिशवी फाटू शकते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच काळसर हिरवा स्राव दिसला, तर थेट डॉक्टर गाठा. त्यासाठी डॉक्टरचा फोन व्यायच्या आधीच घेऊन ठेवा, रात्री दोनला कुणी सापडत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी मुधोळ, पश्मी, धनगरी किंवा राखणीची कुठलीही कुत्री पाळत असेल तर हे त्याला वाचून दाखवा. तुमच्या भागात ही तपासणी कोण करतो ते माहीत असेल तर खाली गावासकट लिहा, यादी करू. वांझ म्हणून एखादी कुत्री रस्त्यावर जायच्या आधी तिची एकदा तपासणी व्हावी, आणि नराचीही. एवढा न्याय मुक्या जनावराला द्यायला आपल्याला राजाश्रयाची वाट बघावी लागू नये.